नववीच्या वर्गाला चालू ज्वालामुखी लाइव्ह दाखवला, ते कसं जमलं

२६ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या नववीच्या मुलांनी शाळेच्या वेळेत, शाळेच्याच प्रोजेक्टरवर, चालू ज्वालामुखी लाइव्ह बघितला. हवाई बेटांवरचा किलाउएआ. ऐकायला सोपं वाटतं, यूट्यूब लावायचं आणि बघायचं, पण ज्वालामुखीची वेळ आणि शाळेची वेळ जुळवायची म्हणजे भलतंच काम निघालं. त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन भूगोल शिक्षकांनी फोन करून विचारलं की मॅडम हे कसं केलंत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. अर्ज, खर्च, वाट बघणं, सगळंच.

थोडी पार्श्वभूमी सांगते. किलाउएआच्या माथ्यावर हालेमाउमाउ नावाचं मोठं विवर आहे, त्यात २३ डिसेंबर २०२४ ला उद्रेक सुरू झाला. हा उद्रेक सलग चालत नाही, एपिसोडमध्ये होतो. म्हणजे काही तास लाव्ह्याची कारंजी उडतात, मग एकदम बंद, मग आठवडा-दोन आठवडे (कधी जास्त) शांतता, आणि परत. विवरात उत्तर आणि दक्षिण अशी दोन मुखं आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, विवराच्या काठावर तेव्हा तीन लाइव्ह कॅमेरे लावले होते आणि ते चोवीस तास यूट्यूबवर चालू असायचे. व्ही१ पश्चिमेकडून बघायचा, व्ही२ पूर्वेकडून, व्ही३ दक्षिणेकडून. फुकट, कुठलंही लॉगिन नाही.

मी हे आधीपासून अधूनमधून बघत होते पण वर्गात दाखवायचं डोक्यात आलं ते धनत्रयोदशीला. १८ ऑक्टोबर, शनिवार, दिवाळीची सुट्टी लागलेली. साडेअकराच्या सुमारास पस्तिसावा एपिसोड सुरू झाला. तिथे तेव्हा १७ तारखेची रात्र, आठ वाजून गेलेले, पूर्ण काळोख, आणि दोन्ही मुखांतून एकदम कारंजी. दक्षिणेकडचं जवळजवळ ४६० मीटर उंच गेलं, उत्तरेकडचं ३३० च्या आसपास. आयफेल टॉवर ३३० मीटरचा आहे, यावरून अंदाज घ्या. मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता आणि हातातलं काम तसंच राहिलं. घरातले सगळे येऊन बघून गेले, सासूबाईसुद्धा बराच वेळ उभ्या राहिल्या. आणि मला एकदम जाणवलं की तिथली रात्र म्हणजे आपली शाळेची वेळ आहे! लाव्हा खरा दिसतो तो अंधारात. हवाईची संध्याकाळ सात ते पहाटे पाच म्हणजे आपली सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. आमची शाळा अकरा ते पाच. नववीच्या भूगोलात अंतर्गत हालचालींचा धडा आहे, दरवर्षी मी फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढते, मॅग्मा, नलिका, मुख, शंकू अशी नावं देते, मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेत काढतातही बरोबर. पण ते चित्र कुठल्या तरी खऱ्या जागेचं आहे हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मला फार दिवस खात होतं.

वेळेचा हिशेब एकदाच पक्का करून घ्या. हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे आणि तिथे उन्हाळी-हिवाळी वेळेचा बदल नाही, त्यामुळे हे गणित वर्षभर तेच राहतं. मी असं करते, तिथल्या वेळेचे एएम-पीएम उलटे करायचे आणि साडेतीन तास मिळवायचे. तिथे दुपारचे अडीच असतील तर रात्रीचे अडीच अधिक साडेतीन, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा.

सुट्टीतच यूएसजीएसच्या व्होल्कॅनो नोटिफिकेशन सर्व्हिसला नाव नोंदवलं. ही फुकट ईमेल सेवा आहे. ईमेल, पासवर्ड, मग कुठले ज्वालामुखी हवेत आणि कुठल्या प्रकारच्या सूचना हव्यात ते निवडायचं. सगळं निवडू नका, नाहीतर अलास्कापासून सगळीकडचे मेल येतील आणि कामाचा मेल त्यात हरवेल. मी फक्त किलाउएआ ठेवला. रोज एक अपडेट येतो आणि मोठं काही झालं की वेगळा. भाषा इंग्रजी पण ठरावीक साच्याची असते, आठवडाभरात सवय होते.

शाळा सुरू झाली आणि मी हेडसरांना भेटले. सर म्हणाले कल्पना चांगली आहे, लेखी अर्ज द्या, तारीख आणि तास लिहा. आता तारीख काय लिहायची? यूएसजीएसची हवाईतली ज्वालामुखी वेधशाळा अंदाज देते तो दोन-तीन दिवसांच्या रेंजमध्ये, आणि तोही मागेपुढे होत राहतो. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, बिनतारखेचा अर्ज मी फाइलला कसा लावू. त्यांचंही बरोबर होतं, उद्या कुणी विचारलं की इंग्रजी-गणिताचे तास सोडून मुलं हॉलमध्ये का बसली होती तर कागद लागतोच.

हा तिढा सुटायच्या आतच छत्तिसावा एपिसोड होऊन गेला. १० नोव्हेंबर, सोमवार, पहाटे पावणेतीनला सुरू आणि पावणेआठच्या आसपास बंद. पाच तासांचाच खेळ. मी पाचला उठून बघितला, तिथे भर दुपार होती, उजेडात लाव्हा शेंदरी दिसतो आणि धूर फार. शाळेची घंटा व्हायच्या आत सगळं संपलं होतं, अकरा वाजता नुसता वाफाळणारा काळा तळ दिसत होता. वाईट वाटलं. पण मी तो ईमेल प्रिंट काढून सरांकडे नेला आणि म्हटलं सर, बघा, हे असं असतं, आधी कळत नाही. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला. मग दोघांनी बसून अर्जाची वाक्यं ठरवली, ती इथे देते कारण बहुतेकांचं इथेच अडतं: ‘दि. १७ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर या कालावधीत नैसर्गिक घटना घडेल त्या कोणत्याही एका कार्यदिवशी, त्याच दिवशी सकाळी मुख्याध्यापकांना कळवून, इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना दोन तासिका थेट प्रक्षेपण दाखवण्यास परवानगी मिळावी. बुडालेल्या तासिका पुढील शनिवारी भरून काढण्यात येतील.’ खाली धड्याचं नाव, यूट्यूब चॅनेलचं नाव, आणि ज्यांचे तास जाणार त्या शिक्षकांच्या सह्या. या सह्यांना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गणिताच्या मॅडमचा पोर्शन मागे होता, त्यांना मी माझे दोन तास आगाऊ दिले.

सामानाचं म्हणाल तर प्रोजेक्टर शाळेकडे होता. एचडीएमआय केबल तुटकी होती, ती तालुक्याला जाऊन अडीचशे रुपयांना आणली. शाळेचं ब्रॉडबँड त्या महिन्यात बंदच होतं, तक्रार देऊनही माणूस आला नाही, म्हणून माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरायचं ठरलं. त्यासाठी डेटाचा जादा पॅक, शंभराच्या आतला. एक सांगते, ४८० पिक्सेलवर ठेवलं तरी भिंतीवर चांगलं दिसतं आणि डेटा बेताने जातो, एचडीच्या मागे लागलात तर तासाला दीड-दोन जीबी सहज उडतात आणि मधेच गोल गोल फिरत बसतं. मोबाइल खिडकीत ठेवा. हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते, शिपाई मामांनी स्नेहसंमेलनाचे निळे पडदे काढून बांधून दिले.

आणि खोट्या लाइव्हपासून सांभाळा. यूट्यूबवर ज्वालामुखी शोधलं की लाइव्ह लिहिलेले ढीगभर व्हिडिओ येतात, त्यातले कितीतरी जुनी क्लिप गोल फिरवत ठेवलेले असतात. यूएसजीएसचंच चॅनेल उघडा आणि चित्रावर तारीख-वेळ असते ती साडेपंधरा तासांच्या हिशेबाने ताडून बघा.

मग वाट बघणं. या दिवसांबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण मुलं शिकली ती खरं या दिवसांत. किलाउएआच्या माथ्यावर टिल्टमीटर आहेत, जमीन किती कलली ते मोजणारी उपकरणं. आलेख वेधशाळेच्या साइटवर कुणालाही बघता येतो. खालून मॅग्मा भरत जातो तसा डोंगर फुगतो आणि निळी रेषा वर चढत जाते. कारंजं सुरू झालं की साठा मोकळा होतो आणि रेषा धाडकन खाली. मग परत हळूहळू वर. मागच्या वेळी जितकी खाली आली साधारण तितकी भरून आली की पुढचा एपिसोड जवळ आला असं समजायचं. एकक मायक्रोरेडियन. मुलांना सांगितलं, एक किलोमीटर लांब दांडा घ्या आणि त्याचं एक टोक एक मिलिमीटर उचला, एवढा कल म्हणजे एक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर म्हणजे शाळेपासून एसटी स्टँड. त्यावर वर्ग एकदम गप्प झाला. इतकं बारीक मोजता येतं हेच त्यांना खरं वाटेना.

मी रोज तो आलेख मोबाइलवर बघून फळ्याच्या कोपऱ्यात खडूने काढायचे. दोन-तीन दिवसांनी मुलीच विचारायला लागल्या, मॅडम आज किती चढली? वर्गातला एक मुलगा, जो सहसा शेवटच्या बाकावरून उठत नाही, तो रोज सकाळी येऊन आलेख उतरवायचा, त्याच्याकडे मी ते कामच देऊन टाकलं. अंदाज मागेपुढे झाला की मुलं हिरमुसायची. मी त्यांना म्हटलं, १९१२ पासून त्या ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी वेधशाळा आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ लोक मोजतायत, आणि तरी ते छातीठोकपणे तास सांगत नाहीत, ते प्रामाणिकपणे रेंज सांगतात. मला हे त्यांना कळायला हवं होतं, पुस्तकात उत्तरं एका ओळीत असतात म्हणून विज्ञान तसं चालतं असं वाटायला नको.

एपिसोडच्या आधीच्या दिवसांत मुखातून लाव्हा थोडा वर येतो, तळावर सांडतो आणि परत आत ओढला जातो. असं पुन्हा पुन्हा. वायू वर साचतो, सुटतो, की पातळी खाली. हे मी मधल्या सुट्टीत मोबाइलवर काही मुलांना दाखवलं तर एक जण लगेच म्हणाला, मॅडम, विहिरीवरची मोटर बंद केली की पाइपातलं पाणी मागे जातं तसं. मला याहून चांगलं समजावता आलं नसतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी सहाला सदतिसावा एपिसोड सुरू झाला, तिथे २५ तारखेचे दुपारचे अडीच. मी सव्वासहाला मेल बघितला आणि हात थरथरायला लागले, कारण आता पुढचा प्रश्न असा की हा शाळेपर्यंत टिकेल का? मागचा पाच तासांत आटोपला होता, तसं झालं तर अकराला संपणार. हेडसरांना फोन केला, ते म्हणाले आज संविधान दिन आहे, प्रास्ताविकेचं वाचन आणि भाषणं होणार, त्यानंतरच. मी होय म्हटलं, ते व्हायलाच हवं. प्रार्थनेच्या वेळी ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना नववीची सगळी रांग माझ्याकडे बघत होती, मी नुसती मान हलवली, चालू आहे म्हणून.

पावणेबाराला हॉलमध्ये बसलो. तिथे सव्वाआठची रात्र. पडदे ओढले, मामांनी दिवे घालवले, आणि भिंतीवर ते कारंजं आलं. साठेक मुलं, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. लाव्हा उसळून वर जातो, वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, मग काळा पडत पडत खाली येतो. खाली विवराच्या तळावर नद्या, त्यांच्यावर काळी साय धरते आणि फाटते. ती साय बघून मी लाइव्ह थांबवलं नाही पण मागे नेऊन परत दाखवलं, यूट्यूब लाइव्हला काही तास मागे जाता येतं, हे फार उपयोगी आहे. सकाळी सहाची सुरुवात पण अशीच मागे जाऊन दाखवली, तिथे ऊन होतं, मग संध्याकाळ, मग रात्र, आणि रंग कसा बदलत गेला ते सगळं मुलांनी बघितलं.

मग प्रश्न सुरू झाले. तिथे माणसं का दिसत नाहीत? कारण विवराचा तो काठ राष्ट्रीय उद्यानाने लोकांसाठी बंद ठेवलाय, लोक लांबच्या ठरलेल्या जागांवरून बघतात. लोकांना त्रास होतो का? होतो. कारंज्यातून हलके दगड आणि काचेचे केसासारखे धागे उडून आजूबाजूच्या वस्त्यांवर पडतात, त्या धाग्यांना तिथे पेलेचे केस म्हणतात. पेले ही त्यांची देवी आणि हालेमाउमाउ हे तिचं घर. हे सांगितल्यावर पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, मग ते लोक नमस्कार करतात का? मी म्हटलं हो, तिथले मूळ लोक त्या जागेला फार मानतात, ओलीही वाहतात, म्हणजे मंत्रासारखी स्तोत्रं म्हणतात. आणि २०१८ ला याच ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या भेगांमधून लाव्हा वस्तीत शिरला आणि सातशेच्या वर घरं गेली, तेही सांगितलं. त्याच वेळी माथ्यावरचं हे विवर खचून कितीतरी खोल झालं, वेधशाळेची इमारतसुद्धा सोडावी लागली. २०१९ ला तळाशी पाणी साचायला लागलं, तळं झालं, आणि २० डिसेंबर २०२० च्या रात्री उद्रेकाने ते अख्खं तळं वाफ होऊन गेलं. हे ऐकल्यावर दोन-तीन जण उभेच राहिले.

भारतात आहे का असा? आहे, अंदमानात, बॅरन बेट. तिथे वस्ती नाही, १९९१ पासून तो अधूनमधून जागा होतोय. आणि महाराष्ट्रात? या प्रश्नाची मी वाटच बघत होते. शाळेच्या कुंपणाचा काळा दगड मी पिशवीतून आणून ठेवला होता, छिद्रं असलेला. तो हातोहात फिरवला. सांगितलं की ही छिद्रं म्हणजे वायूचे बुडबुडे, दगड पातळ आणि तापलेला असताना अडकलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला पडलेल्या भेगांमधून असाच बेसॉल्टचा लाव्हा आला, थरावर थर, त्यातून दख्खनचं पठार झालं, आपण त्या थरांवर शेती करतो, त्यात विहिरी खणतो. भिंतीवर लाल वाहणारी वस्तू आणि हातातला थंड दगड एकाच जातीचे आहेत. मुलं दगडाकडे बघायची, मग भिंतीकडे. मी चौदा-पंधरा वर्षं शिकवतेय, पण हा धडा मुलांपर्यंत इतका पोचलेला मी पहिल्यांदा बघितला.

दोन तासिका संपल्या, मुलं जायला तयार नव्हती, हेडसर स्वतः येऊन मागे उभे होते, त्यांनी आणखी एक तास दिला. पण मधे वीस मिनिटं लाइट गेली. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर नाही, तेवढा वेळ सगळे माझ्या मोबाइलभोवती. ज्यांना हे करायचंय त्यांनी लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, भिंत गेली तरी स्क्रीन राहते.

तीन वाजून नऊ मिनिटांनी कारंजं बंद झालं. मुलं तेव्हा हिंदीच्या तासाला होती, मी स्टाफरूममध्ये. हळूहळू कमी होत नाही ते, बघता बघता थांबतं. सुट्टीनंतर शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आला, आलेख बघितला आणि म्हणाला, रेषा वळली मॅडम, परत भरायला लागला.

७ डिसेंबरला रविवारी पुढचा एपिसोड झाला, आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाला. त्यात दक्षिणेकडचं कारंजं तिरकं झालं आणि पडणाऱ्या दगडांच्या माऱ्याखाली व्ही३ कॅमेरा गाडला गेला. शेवटपर्यंत तो चित्र पाठवत होता. बंद भाग असल्यामुळे कुणी जखमी झालं नाही. वर्गाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजल्यापासून मेसेज, मॅडम आपला कॅमेरा गेला. कॅमेरा कुठे बसवतात, कुणी बसवत असेल, त्याला वीज कुठून मिळते, यावर सोमवारचा अर्धा तास गेला, आणि मी तो जाऊ दिला.

२४ डिसेंबरला पावणेबाराच्या सुमारास परत सुरू झाला, ऐन शाळेच्या वेळेत. माझ्या अर्जाची मुदत संपलेली होती. या वेळी आठवीच्या वर्गशिक्षिकेने अर्ज दिला, तीच वाक्यं, तारखा बदलून, आणि हॉलमध्ये पडदे बांधायला, केबल लावायला आणि आठवीच्या मुलांना टिल्टमीटरचा आलेख समजावून सांगायला माझ्या वर्गातली चार मुलं गेली. गणिताच्या मॅडमनी त्यांना स्वतःहून सोडलं.